जावयाला आवडणारे गेम

जाफराबादच्या अजमत गादीवाल्यांनी पाहुण्याला कधी काही कमी पडू दिलं नव्हतं. त्यात आता लग्नानंतरच्या पहिल्या ईदला जावई येणार होता. त्यांनी मुलीला, फरहीनला, फोन लावला. "अतिकमियाँला आवडतं काय?"

"गेम," ती म्हणाली.

झालं. अजमतभाई थेट जालन्याला गेले आणि दुकानातलं सगळ्यात भारी गेमिंग मशीन आणि त्यासाठी नवा टीव्ही घेऊन आले. मशीन त्यांच्या मांडीवर, टीव्ही जीपच्या टपावर.

ईदला शिरखुर्मा झाल्यावर त्यांनी अतिकला टीव्हीसमोर बसवलं. मुलगा मूळचा कुंभार पिंपळगावचा, पुण्यात नोकरीला, इतका लाजाळू की सासऱ्याशी 'जी' पलीकडं बोलत नव्हता. मशीन सुरू झालं आणि म्हणालं, आधी अपडेट. मंग खातं उघडा. मंग पासवर्ड, तोही मशीनच्याच पसंतीचा. मंग पुन्हा अपडेट.

"होऊन राह्यलं," अजमतभाई म्हणाले. "भारी चीज हाय, टाइम घेणारच."

"जी."

तेवढ्यात कोपऱ्यातून टप् टप् आवाज आला. अजमतभाईंची बायको शहाजादी गाद्यांच्या ढिगाला टेकून फरहीनच्या जुन्या लॅपटॉपवर, खालून येईल त्या रंगाचा फुगा वरच्या रांगेवर मारून, रंगीत फुगे फोडत बसली होती. जेवणानंतरचा तिचा रोजचा उद्योग. इंटरनेट उघडलं की खेळ सुरू, ना खातं ना पासवर्ड.

"पाहुण्यासमोर हा काय पोरखेळ?" अजमतभाई दबक्या आवाजात म्हणाले.

"तुमचं मशीन जागं होईपर्यंत मी काय त्याच्या तोंडाकडं पाहू?"

अतिकची मान हळूहळू तिकडं वळली. मंग त्याला राहवलं न्हाई. "अम्मी, निळा सरळ नका मारू. भिंतीवर आपटून मारा."

शहाजादीनं तसा मारला. अर्धी रांग फुटली. ती सरकून बसली, अतिक शेजारी जाऊन बसला, आणि थोड्याच वेळात सासू-जावई हिरव्या फुग्यावरून चक्क भांडू लागले.

मशीन तयार झालं तेव्हा अतिकला उठणं भाग पडलं. पडद्यावर गाडी सुसाट निघाली. दोन वळणं झाली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अब्बा, माफ करा. मला यात घाट लागल्यासारखं होतं."

फरहीननं लिंबू आणून दिलं. "तूच म्हणालीस ना, गेम आवडतात?" अजमतभाईंनी तिला विचारलं.

"मी फुग्यांचं म्हणाले, अब्बा. तुम्ही पुढं ऐकलंच कुठं? फोन ठेवूनबी दिल्ता."

अजमतभाई रुसून एकटेच गाडी चालवत बसले. गाडी उलटी धावून धावून भिंतीला धडकत राहिली. मागं तिघं खिदळत होते. शेवटी ते उठले आणि गाद्यांपाशी येऊन उभे राहिले.

"आमचा नंबर कधी?"

"आधी फरहीन," शहाजादी मान वर न करता म्हणाली. "मंग बघू."

ते मुकाट्यानं खाली बसले. नंबर आला तेव्हा त्यांनी पटापटा फुगे मारले आणि तितक्याच पटकन हरले. पण लॅपटॉप काही सोडला न्हाई. चहा तिथंच मागवला.

"अब्बा, घाई नका करू," अतिक त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "पिवळा येऊ द्या."

अजमतभाईंनी बोट वर धरलं आणि पिवळ्याची वाट बघू लागले.