कमरेची बाटली

सयाजी आबांनी भिंतीच्या आडून बंदुकीचं टोक बाहेर काढलं आणि समोरच्या दोघांना टिपलं. पहिल्याचा गळा फुटला. दुसरा दोन्ही हातांनी पोट धरून पायरीवर बसला आणि तसाच तोंडावर कलंडला. टीव्हीच्या कोपऱ्यात गुण वाढले.

"काका, एक नंबर!" धवल ओरडला. "खेळ तपासणाऱ्या आमच्या पोरांना इथपर्यंत यायला आठवडा लागला."

"गप बसा पावणं. नेम हलतोय."

उचगावातल्या एका गॅरेजच्या वरच्या खोलीत तेजस्वी आणि धवल दोन वर्षं हा युद्धाचा खेळ बनवत होते. उद्या तो लोकांच्या हातात जायचा होता आणि दोघांचं भांडण खेळातल्या एका अंगणात अडलं होतं. तिथे एक शिपाई दारातून धावत येतो. त्याला गोळी घातली नाही तर तो आपल्याला मारतो. घातली, तर तो लगेच मरत नाही, पडून राहतो आणि पाणी मागतो. लोक तिथेच खेळ बंद करतील, ते काढून टाक, असं धवल म्हणत होता. तेवढ्यासाठीच तर खेळ केला, असं तेजस्वीचं म्हणणं. शेवटी तिच्या वडिलांना बसवायचं ठरलं. आबा पलटणीतून हवालदार होऊन परतले होते. ते म्हणतील ते दोघांनी ऐकायचं.

तेजस्वी टीव्हीकडे बघत नव्हती, आबांच्या तोंडाकडे बघत होती. घरी कोंबडी कापायची म्हटलं की आबा उठून गोठ्यात जायचे. आता खालचा ओठ दातात धरून ते एकामागून एक माणूस पाडत होते. घाई नव्हती. शेवटचा एक खिडकीत अडकला, तेव्हा त्याच्या डोक्यात आणखी एक गोळी घालून ते पुढे सरकले.

अंगण आलं. शिपाई दारातून धावत आला. आबांची गोळी त्याच्या जांघेत घुसली. तो आडवा झाला, हेल्मेट घरंगळत गेलं, आणि फरशीवर रक्त पसरायला लागलं.

"पाणी," तो म्हणाला.

आबांनी हातातला रिमोट उलटा करून बघितला.

"पाण्याचं बटण कंचं, तेजू?"

"न्हाय आबा. तसं बटण ठेवलंच न्हाय."

"ही माझ्या कमरंला बाटली दिसतीय की."

"ती नुसती दिसायला हाय."

"काका, पुढं चला," धवल म्हणाला. "गच्चीवरून गोळ्या येतील आता."

आबा हलले नाहीत. शिपाई पाणी मागत राहिला. गच्चीवरून गोळ्या आल्या, टीव्ही लाल झाला आणि खेळ अंगणाच्या फाटकापासून पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या वेळी तसंच झालं. तिसऱ्या वेळी आबांनी गोळीच घातली नाही. शिपाई धावत आला आणि त्याने आबांच्या छातीत बंदूक रिकामी केली.

"अहो काका, मारा की त्याला!"

"मारला की पाणी मागतोय त्यो."

पुन्हा फाटक उघडलं. आबा बंदूक खाली करून अंगणाच्या मधोमध उभे राहिले. गोळ्या बसत गेल्या. धवलच्या तोंडावरचं हसू कधी गेलं, त्यालाही कळलं नाही.

आबांनी रिमोट खुर्चीवर ठेवला, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि उठले.

"आबा, ठेवू का काढू?" तेजस्वीने विचारलं. "खोटं वाटलं का?"

ते दाराशी जाऊन पायाने चप्पल चाचपत होते.

"काका, मी बटण टाकतो," धवल म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "पाण्याचं. उद्यापर्यंत होईल. बाटली आहेच तिथं."

"नको."

"पण मग तो माणूस तसाच..."

"आमच्या बी कमरंला बाटली हुती की," आबा म्हणाले आणि कठडा धरून जिना उतरायला लागले.

खाली गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. तेजस्वी वडिलांच्या मागे जायला निघाली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

धवलने रिमोट उचलला. शिपाई दारातून धावत आला. धवलने गोळी घातली. शिपाई पडला, पाणी म्हणाला. गच्चीवरून गोळ्या यायला लागल्या तरी धवलने अंगठा हलवला नाही.