करंगळीखालची शिवण

"पाय दाखव बघू," मामा म्हणाले, तेव्हा ती पोरगी आधी नाहीच म्हणाली. मग स्टुलावर बसून तिने बूट काढला. करंगळीखालचा फोड फुटून कातडं सोलवटलं होतं. निवड चाचणीच्या शेवटच्या फेरीत ती लंगडली आणि संघातली जागा दुसरीला गेली. वर्षभराच्या दोरीच्या उड्या, चढावरच्या धावा, सगळं पाण्यात गेलं. पण ती भांडायला आली नव्हती. तिला पुन्हा मोजेच हवे होते, तेही मामांनीच निवडलेले. मामांना ते जास्त लागलं.

खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात मामा एकतीस वर्षं मोजे विकत होते. बाकीचे विक्रेते रंग दाखवत. मामा मोजा उलटा करून बोटांवरची शिवण दाखवत. सुती मोज्यांना ते नाक मुरडत, कारण सूत घाम पितं आणि धरून बसतं. टाच घट्ट बसावी, मोजा घोट्याच्या वर यावा, यावर ते तासभर बोलू शकत. नवा माल आला की त्यातला एक जोड आधी स्वतः घालत, गोदामाच्या जिन्यावर वीसदा चढ-उतार करत आणि मगच तो विकायला काढत. मालक चेष्टेने म्हणायचे, की मामा निवृत्त झाले तरी त्यांचे पाय मी सोडणार नाही.

तिने चाचणीत घातलेले मोजेही तसेच पास झाले होते. सरावात जरा टोचतात, असं सांगायला ती एकदा येऊनही गेली होती. मामांनी ते हसण्यावारी नेलं. मी दोन दिवस घातलेत, तुझ्या मनाचे खेळ आहेत, म्हणाले. तिने स्वतःच्या पायापेक्षा मामांवर विश्वास ठेवला.

आताही त्यांच्या पायात त्याच मालातला जोड होता. आलोच, म्हणून ते गोदामात गेले आणि जिन्यावर बसून त्यांनी मोजा ओढला. तो निघेना. करंगळीखाली रक्त सुकून कापड चिकटलं होतं. त्यांनी जखमेवर बोट दाबलं, मग जोरात दाबलं. काहीच नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे जळूनही कळलं नव्हतं. साखर वाढली आहे, पाय सांभाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायको रोज तेच सांगत होती. माझ्या पायांना काय झालंय, म्हणून मामांनी दोघांनाही उडवून लावलं होतं. आता त्यांना रडू आलं. स्वतःसाठी थोडं, त्या पोरीसाठी पुष्कळ.

तोंड पुसून ते बाहेर आले.

"शिवण टोचतच होती गं. तुझा पाय खरं सांगत होता. माझ्या पायांना काही कळेनासं झालंय."

तिने विचारलं, "कधीपासून, मामा?"

"तेच तर माहीत नाही."

मग त्यांनी पाच जोड काढून तिच्यापुढे ठेवले आणि काही न सांगता बाजूला उभे राहिले. ती एकेक घालून जागच्या जागी उड्या मारत होती. दोन तिने लगेच बाजूला टाकले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. डॉक्टरांनी रोज पळायला सांगितलंय, कुठले मोजे चांगले, असं त्याने सवयीने मामांनाच विचारलं.

"हिला विचारा," मामा म्हणाले. "हिला कळतं."

आणि ते गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले.