भिंतीकडची रांग

पेपर कोरा असता तर सरांनी पहिल्या पानावर भोपळा काढून तो बाजूला सारला असता. कोऱ्या पेपरांची त्यांना सवय होती. पण हा कोरा नव्हता. सराव परीक्षेतले झाडून सगळे प्रश्न त्यात उतरवलेले होते. डावीकडे पट्टीने समास आखलेला, आकडे एकाखाली एक, अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक प्रश्नाखाली चार-सहा ओळींची मोकळी जागा होती आणि उत्तर मात्र एकाचंही नव्हतं.

शिक्षकांच्या खोलीत भाषेच्या बाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मान लांब करून पेपर पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. अक्षराचे तरी दोन गुण टाका, म्हणाल्या. सर हसले नाहीत. गणिताच्या पेपरात ते अक्षराला गुण देत नसत. उत्तरापुढे ‘मीटर’ लिहायचं राहिलं तरी अर्धा गुण कापायचे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ‘वजाबाकी’ ठेवलं होतं. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांना ते आवडायचंही.

पेपर मावशींच्या मुलीचा होता. मावशी म्हणजे शाळेची घंटा देणाऱ्या, वर्ग झाडणाऱ्या आणि सगळ्या शिक्षकांच्या चहाची तऱ्हा पाठ असणाऱ्या मावशी.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी तिला बोलावून घेतलं. आगाऊपणाच केला असणार असं धरून ते चांगले तापून बसले होते.

“उत्तरं कुठं आहेत?”

“जागा सोडलीय, सर.”

“ते दिसतंय मला. लिहिली का नाहीस?”

मुलगी गोंधळली. “तुम्ही अजून सांगितली नाहीत ना. तुम्ही म्हणता, प्रश्न उतरवून घ्या, खाली जागा सोडा, उत्तर नंतर सांगतो.”

सरांनी तिच्या चेहऱ्यावर उद्धटपणा शोधला. तो सापडला असता तर फार बरं झालं असतं. चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. पण पोरगी अगदी सरळ बोलत होती. वर्षभर जे करायला सांगितलं तेच तिने परीक्षेतही केलं होतं, आणि त्यात काही चुकलं असेल हे तिच्या गावीही नव्हतं. त्यांनी तिला जा म्हटलं. आणि डबा तसाच बंद करून टाकला.

या सगळ्याचं मूळ सरांच्याच डोक्यात उगवलं होतं. शाळा सरकारी. काही वर्षांपूर्वी निकाल असा गडगडला की वरून हुकूम आला, निकाल वर काढा, नाहीतर शाळा बंद करून मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवू. तो रस्ता ओलांडून निम्म्या मुलींना घरच्यांनी पाठवलंच नसतं. बैठका झाल्या, तज्ज्ञ येऊन भाषणं देऊन गेले, भिंतींवर सुविचार रंगवून झाले. निकाल जागचा हलेना. तेव्हा सरांनी एक तोड काढली. दहावीच्या वर्गात तीन रांगा करायच्या. खिडकीकडच्या रांगेत आपसूक पास होणारी मुलं, मधल्या रांगेत काठावरची, आणि भिंतीकडे काही केलं तरी पास न होणारी. शिक्षकाने आपला सगळा जीव मधल्या रांगेत ओतायचा. काठावरच्यांना एक धक्का दिला की ती पार होतात. भिंतीकडच्यांनी गडबड करू नये म्हणून त्यांना फळ्यावरची गणितं उतरवून घ्यायला लावायची. त्यांतल्या अगदीच कच्च्या मुलांना परीक्षेआधी बाजूला बोलावून समजवायचं की यंदा थांबा, पुढच्या वर्षी बाहेरून बसा; बाहेरून बसलेल्यांचा निकाल शाळेच्या नावावर लागत नाही.

रांगांचा अर्थ वर्गात कुणी कधी बोलून दाखवला नाही. पण उपाय लागू पडला. निकाल चढू लागला, शिक्षणखात्याच्या साहेबांनी पाठ थोपटली, दुसऱ्या शाळांचे शिक्षक पाहायला आले. आता एवढं एक वर्ष निकाल ठरलेल्या रेषेच्या वर राहिला की शाळेवरचं संकट कायमचं टळणार होतं.

मुलीशी बोलणं झालं त्याच संध्याकाळी मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावलं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या याच शाळेत शिकलेल्या, पूर्वी गणितच शिकवायच्या. बोर्डाकडे नावं जायला आठवडाच उरला होता. मावशींच्या मुलीला यंदा थांबवायचं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. सर म्हणाले, मला आठवडा द्या. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. भिंतीकडची नावं आजवर सरच आणून देत आले होते आणि एकासाठीही त्यांनी कधी शब्द टाकला नव्हता.

“बाहेरून बसा म्हटलेल्यांतले किती जण परत परीक्षेला येतात, तुम्हाला ठाऊक आहे, मलाही,” सर म्हणाले. “वर्ग नाही, शिक्षक नाही. एकदा गेली की गेली.”

शेवटी असं ठरलं की शनिवारी तिला नवा पेपर द्यायचा. पास झाली तर बसेल, नाहीतर नाही.

शाळा सुटल्यावर त्याच वर्गात शिकवणी सुरू झाली. सरांनी समीकरणांपासून सुरुवात केली आणि पहिल्याच पायरीवर घोडं अडलं. मग ते अपूर्णांकांवर आले. तिथंही अंधार. मग भागाकार. विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तसे ते आणखी आणखी खाली जात होते, पायाला तळ लागत नव्हता. पाढे मात्र तिला खडाखडा येत होते. म्हणजे तिसरी-चौथीपासून दहावीपर्यंतचं सगळं बांधकाम चार संध्याकाळींत उभं करायचं होतं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

आणि पोरगी ढ नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. अपूर्णांकाचा भागाकार करताना खालचा अपूर्णांक उलटा का होतो हे सरांनी खडूचे तुकडे करून दाखवलं, तेव्हा ती बराच वेळ तुकड्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “असं होय.” मग पुढची गणितं तिने न विचारता सोडवली. सर तोंड फिरवून फळा पुसू लागले. फळ्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

मावशी किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बाहेर पायरीवर बसलेल्या असत. शिकवणी संपली की वर्ग बंद करायचा. एकदा सर बाहेर आले तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

“एक सांगू का, सर? तुम्ही तिला भिंतीकडं बसवलंत ते फार बरं केलंत. खिडकीपाशी पोरांचं लक्ष बाहेर जातं. मी घरी सगळ्यांना सांगते, सरांनी मुद्दाम शांत जागा दिलीय आमच्या पोरीला.”

सर चष्मा पुसत राहिले. मावशी आपल्या नादात बोलतच होत्या. दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायच्या खिडकीवर मुली घेतात, दहावी झालेली लागते, अक्षर चांगलं लागतं. अक्षर तर आहेच. “माझा जन्म घंटा बडवण्यात गेला. हिनं खुर्चीवर बसून काम करावं, एवढंच आहे बघा.” आपण या बाईच्या हातचा चहा इतकी वर्षं कसा पीत आलो, असं सरांना वाटलं आणि त्यांना स्वतःची किळस आली.

शनिवारी पेपर देताना त्यांनी तिला बजावलं, या वेळी एकही जागा रिकामी ठेवायची नाही. तिने ठेवली नाही. पहिलं गणित पूर्ण बरोबर होतं, शेवटी ‘मीटर’सुद्धा लिहिलं होतं. दुसरं अर्ध्यापर्यंत बरोबर. तिसऱ्यात रीत जमली होती, उत्तर हुकलं होतं. तिथून पुढे सगळा आनंदीआनंद होता. प्रश्नातले आकडे घेऊन तिने कुठे बेरीज केली होती, कुठे गुणाकार, आणि जागा भरेपर्यंत ती करतच गेली होती. कुठेही खाडाखोड नव्हती.

सरांनी गुण दिले, पण बेरीज पासच्या आसपासही येईना. मग ते पुन्हा पहिल्या पानापासून निघाले. आकृती नीट काढली म्हणून एक. सूत्र आठवलं म्हणून अर्धा. ज्या माणसाने आयुष्यभर अर्धा अर्धा गुण कापला, तो आता अर्धा अर्धा गुण वेचत बसला होता. तरीही पुरेनात. शेवटी जिथे देण्यासारखं काहीच नव्हतं तिथेही त्यांनी लाल पेन टेकवलं आणि बेरीज कशीबशी रेषेला लावली. 

मोठ्या बाईंनी पेपर एकेक पान उलटून वाचला. कुठे काय झालंय हे समजायला त्यांना वेळ लागला नसणार, पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पेपर मिटून टेबलावर ठेवला.

“बोर्डाचा तपासनीस देईल का हे गुण?”

सरांनी मिटलेला पेपर आपल्याकडे ओढून घेतला.

“मी तुमच्यावर सोडते, सर. तुम्ही म्हणा बसवा, मी आत्ता बसवते. पण आपण स्वतःच यंदा काठावर आहोत. एक पोर इकडचं तिकडं झालं तरी शाळा जाईल. मग खालच्या वर्गातल्या मुलींना कुठं पाठवायचं, तेवढं मला सांगा. मलाही रात्री झोप लागत नाही.”

सरांनी येताना मनात बरंच जुळवून आणलं होतं. तिला दोन महिने मिळाले तर ती पास होईल. नाही झाली तरी तिचा तो हक्क आहे. चूक आपली आहे, तिची नाही. फक्त एक शब्द उच्चारायचा होता. टेबलाच्या काचेखाली शाळेचा जुना फोटो होता, त्यात शेवटच्या ओळीत दोन वेण्या घातलेल्या मोठ्या बाई उभ्या होत्या. सर त्या फोटोकडे पाहत मूग गिळून बसले. बाहेर मावशींनी शाळा सुटल्याची घंटा दिली.

“ठीक आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मावशींना तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील.”

मावशी कप विसळत होत्या. सर दारातच उभे राहून बोलले. तयारी थोडी कच्ची आहे, घाई नको, पुढच्या वर्षी बाहेरून बसू दे, असं काहीबाही. मावशींनी हातातला कप पुसला, जागेवर ठेवला, मग दुसरा उचलला.

“पुढच्या वर्षी तुम्हीच शिकवाल ना तिला?”

“बघू.”

“तुम्ही म्हणताय म्हणजे तिच्या भल्याचंच असेल,” मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली गेला होता, एवढंच. त्या भांडल्या असत्या, ओरडल्या असत्या, शाळेच्या मैदानात उभं राहून सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, तर सरांनी खाली मान घालून सगळं ऐकलं असतं. पण त्यांनी विचारलं, “चहा टाकू का थोडा?”

परीक्षा झाली. निकाल लागला. शाळेच्या इतिहासात असा निकाल कधी लागला नव्हता. मोठ्या बाई फोनवर बोलता बोलता रडल्या. दुपारी साहेब यायचे होते, म्हणून फाटकाजवळच्या मोठ्या फळ्यावर निकाल सुबक अक्षरात लिहायचं ठरलं, आणि असं अक्षर कुणाचं म्हटल्यावर सगळ्यांना एकच नाव सुचलं. मावशींनी मुलीला निरोप धाडला. ती धावत आली. पुन्हा शाळेत यायला मिळालं म्हणून ती खुशीत होती, आणि रंगीत खडूंची पेटी तिच्या हातात पहिल्यांदाच पडत होती.

आकडा बरोबर लिहिलाय का ते पाहायला भाषेच्या बाईंनी सरांना बाहेर पाठवलं. मुलगी स्टुलावर उभी होती. फळ्याला डावीकडे तिने समास आखला होता. वर शाळेचं नाव, खाली निकालाचा आकडा, त्याखाली दुहेरी रेघ. आकडा बरोबर होता. सरांना त्याच्याकडे नीट बघवेना.

“छान आलंय,” ते म्हणाले.

“आता खाली पास झालेल्यांची नावं ना, सर? सांगता का, लिहून टाकते.”

यादी आत मोठ्या बाईंच्या टेबलावर होती. सर वळले आणि जाता जाता, इतक्या वर्षांच्या सवयीने, बोलून गेले, “नंतर सांगतो.”

शब्द तोंडातून गेला आणि सरांचे पाय जागीच थांबले. मागे पाहायचा त्यांना धीर होईना.

“बरं सर,” मुलगी म्हणाली. “जागा सोडलीय.”

तिने खडू पेटीत लावून ठेवले, स्टूल उचललं, आणि कुणाच्या जाण्यायेण्यात येऊ नये म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली.