मी तिथे होते, मला विचारा

मी इस्त्री बोलतेय. तापलेली असतानाच बोलून घेते, कारण गार झाले की मला कोणी हात लावत नाही. तुमच्या तळपायाची आग मस्तकात जाते म्हणे. मला मस्तकच नाही. माझी आग जागच्या जागी राहते.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. लोखंड ओतलं, घासलं, वर काळी मूठ बसवली, झालं. पहिला मालक एक शिंपी. उंदरांनी माझी वायर कुरतडली तेव्हा त्याने मला माळ्यावर फेकलं. ताईने मला त्याच्याकडून मागून आणलं, नवी वायर जोडली आणि राखेने माझा तळ असा घासला की तिला त्यात आपलं तोंड दिसलं.

ताईचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, त्यावर दुमडलेलं ब्लँकेट, पाण्याची वाटी आणि भिंतीला खुंट्या. आईबाप गेलेले. घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच. त्याला ती ढब्बू म्हणायची. ढब्बू कपडे आणायचा, पोहोचवायचा आणि मधल्या वेळात कोणाशी तरी भांडून यायचा.

ताई ख्रिस्ती होती, आणि नुसती रविवारची नव्हती. मी तापले का हे बघायला ती बोट वाटीत बुडवून माझ्या तळाला टेकवायची. छर्र! आणि त्याच क्षणी म्हणायची, "आहेस ना?" मग कपड्याला हात. शाळेचा गणवेश असो की खानावळवाल्याचा तेलकट सदरा, दर कपड्याला हेच. म्हणताना वर छताकडे बघायची नाही. टेबलाच्या पलीकडे कोणी उभं असावं तसं बोलायची.

समोरचा बेकरीवाला चिडवायचा. "ताई, विचारतेस कोणाला? इस्त्रीला की देवाला?"

"दोघांना. इस्त्री लगेच बोलते."

"आणि तो?"

"त्याचं तुमच्यासारखं आहे. पाव संपले, उद्या या."

ढब्बू एकदा वैतागून म्हणाला, "सारखं काय विचारायचं? असेल तर असेल."

"अरे, तो आहे हे त्याला ठाऊक आहे. मीच विसरते. आठवण मला लागते."

मग ती दुपार आली. ताईला ताप होता. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, पण कपडे खुंटीवर लटकून तिच्याकडे बघत होते. ढब्बू गठ्ठा पोहोचवायला गेला. परत आला तेव्हा ताई टेबलाजवळ जमिनीवर होती. मी टेबलावर उभी होते, माझा लाल दिवा पेटलेला होता. तापाने हृदय थकलं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. नंतर सगळ्यांनाच सगळं कळतं.

लोक आले. "देव चांगल्या माणसांना लवकर बोलावतो," म्हणाले. म्हणजे हे सगळे उरलेले कोण? चर्चचे पाळकसाहेब कबरीपाशी म्हणाले म्हणे, "देवाच्या बागेत एक फूल कमी होतं."

"मग दुकानातून आणायचं होतं!" ढब्बू ओरडला. बेकरीवाल्याने त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. मी तिथे असते तर टाळी वाजवली असती. पण मला हात नाहीत.

आता दुकान ढब्बू चालवतो. तो बोट बुडवत नाही. तो माझ्यावर थुंकतो. ज्या तळात ताईने तोंड पाहिलं, त्यावर थुंकतो आणि म्हणतो, "आहेस का रे? नाहीस!" दर कपड्याला. वाटी कोरडी पडली आहे, तिच्यात बटणं साठली आहेत.

अशात एक दिवस पाळकसाहेबांचा पांढरा झगा इस्त्रीला आला. ढब्बूने तो नीट पसरला, मला बरोबर छातीवर ठेवलं आणि हात काढून घेतला. धूर निघाला.

"आता बोल!" तो ओरडला. "ती इथे एकटी पडली तेव्हा कुठे होतास? आहेस का? आहेस का तू?"

दारात पाळकसाहेब उभे होते. त्यांनी पुढे येऊन मला उचललं. घाईत बोट भाजलं, ते त्यांनी तोंडात घातलं.

"ते फुलाचं बोललो ते चुकलं माझं," ते म्हणाले. "तेव्हा काही सुचलंच नाही."

"निघा इथून."

"निघतो. तू दिवसभर ओरडतोस असं बेकरीवाला म्हणतो."

"दर कपड्याला ओरडतो. काय करणार आहात?"

"मी काय करणार? तीही दर कपड्याला विचारायची. ती हळू विचारायची, एवढंच."

पाळकसाहेबांनी झगा काखेत मारला. रविवारी तोच घालून उभे होते म्हणे, छातीवर माझा तपकिरी ठसा घेऊन.

पण मी निवलेली नाही. माझा संताप वेगळाच आहे. त्या दुपारबद्दल जो तो बोलतो, आणि त्या दुपारी हजर होते ती मी. ढब्बूला एकच गोष्ट हवी आहे. ताई एकटी होती का, एवढंच त्याला कळायला हवं आहे. आणि मला कोणी विचारत नाही!

मग ऐका. माझ्याखाली परक्याचा सदरा होता. ताईला घेरी आली. सदरा जळू नये म्हणून तिने आधी मला उभं केलं. मग दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि म्हणाली. हळू नाही, गोड नाही, ढब्बूसारखी चिडून म्हणाली, "आहेस ना? मग धर की मला!"

असं कोणी भिंतीला म्हणत नाही. हाताच्या अंतरावर जो असतो त्यालाच म्हणतात.

त्याने धरलं का? खोटं सांगणार नाही, मला दिसलं नाही. ती पडली, तो आवाज मी ऐकला. पण ती ज्याच्यावर चिडली, तो तिच्यासाठी तिथेच होता.

ढब्बू, ती बटणं काढ आणि वाटी भर. माझ्यावर थुंकू नकोस. बोट बुडव, टेकव, आणि मग ओरड, पाहिजे तेवढं ओरड. बोट भाजेल. भाजू दे.