इदालिनाच्या उजव्या पायाखाली

मी एक जुना सोल आहे. बुटाच्या बाहेर जमिनीला लागतो तो नव्हे, तर बुटाच्या आत, पायाखाली सरकवतात तो. माझा एक डावा भाऊही आहे. पण बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण जे घडलं ते उजव्या पायात घडलं. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायची असेल तर इथेच थांबा. माझ्याकडे ती नाही.

माझा जन्म साच्यात झाला. तापवून वाकवलेलं कडक कवच, त्यावर बुचाचा थर आणि वर करडं कापड. टाचेसाठी खोल वाटी, मध्ये बेताचा उंचवटा. तिथून मी अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डला आलो आणि बंदरापासून चार गल्ल्या वर असलेल्या मेस्त्री बोतेल्हो यांच्या दुकानात फळीवर पडून राहिलो. पोर्तुगालच्या अझोर बेटांवरून आलेले हे मेस्त्री लोकांचे बूट दुरुस्त करता करता म्हातारे झाले होते. माझ्या शेजारी निळ्या जेलीचे लुसलुशीत सोल असत. गिऱ्हाईक आधी त्यांनाच अंगठ्याने दाबून ‘अहाहा’ म्हणे. मला दाबून कुणी अहाहा म्हटल्याचं मला आठवत नाही.

मग एका शनिवारी इदालिना फुर्तादो आली. वय सेहेचाळीस, आणि त्यातली बावीस वर्षं मासे कापायच्या कारखान्यात गेलेली. ओली फरशी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, दहा तास उभं राहणं. तिने पिशवीतून सोलचे तीन जोड काढून टेबलावर आपटले.

“मेस्त्री, हे बघा. तिन्ही लोण्यासारखे. आणि तिन्हींनी माझे गुडघे खाल्ले!”

“लोण्यावर उभी राहशील तर बुडशीलच की,” मेस्त्री म्हणाले. “मोजे काढ.”

त्यांनी एका परातीत पाणी घेतलं, तिचे तळवे भिजवले आणि वाण्याच्या तपकिरी कागदी पिशवीवर तिला उभं केलं. चांगल्या कमानीचा पाय असता तर मधला भाग कोरडा राहिला असता. इथे टाचेपासून बोटांपर्यंत सलग ओलं ठसठशीत पाऊल उमटलं.

“हा पाय आहे की चपटा फ्लाउंडर मासा?”

“दिवसाला शेकड्यांनी कापते मी. एखादा चिकटला असेल!”

मेस्त्री हसले. मग म्हणाले, “आता चवड्यांवर उभी राहा.” ती राहिली, तशी तिच्या पायात बारीकशी कमान उठली. “बघ, मेलेली नाही. तुझा भार पडला की झोपते. हिला गादी नको, खांदा हवा.” त्यांनी एक उंच कमानीचा जोड हातात घेतला आणि बाजूला ठेवला. “दुकानदार तुला हा देतील. सपाट पाय आहे ना, मग कमान जेवढी उंच तेवढी चांगली, असं सांगतील. तुझ्या पायाला ती खड्यासारखी टोचेल.” आणि मग त्यांनी मला उचललं. दोन्ही हातांनी पिळून दाखवलं. मी दुमडलो नाही. “हा घे. बेताची कमान, टाच पकडणारी वाटी. बुटातला जुना सोल आधी काढून टाक. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन. आणि वर्षाने मला दाखवायला आण. वरून नवा दिसला तरी आण. हे आतून मरतात.”

पहिले आठ दिवस तिने मला शिव्या दिल्या. नवव्या दिवशी विसरली. सोलच्या आयुष्यात याहून मोठा मान नाही, मित्रांनो. पायाला आपला विसर पडला की समजायचं, आपलं काम चोख चाललंय.

ते वर्ष चांगलं गेलं, हे मी कबूल करतो. तिची टाच आत कलंडायची थांबली, गुडघ्यांची कुरकुर गेली. ऑगस्टच्या जत्रेत तिने मला चामडी बुटात घातलं आणि बॅन्ड थांबेपर्यंत नाचली. कारखान्यात तिच्या शेजारी झुल्मिरा पाशेको उभी असे. दोघींच्या सुऱ्या वीस वर्षं एकमेकींच्या कोपराजवळ चालल्या होत्या. इदालिनाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी झुल्मिरानेच कडेवर घेतलं होतं.

“काय गं, नवरा बदललास की काय? चेहऱ्यावर तेज आलंय,” झुल्मिरा म्हणे.

“नवरा तोच आहे. सोल बदललेत.”

वर्षाने इदालिना मला पिशवीत घालून मेस्त्रींकडे निघाली. दुकानाच्या जागी फोन विकणारी मुलं बसली होती. मेस्त्री हिवाळ्यात वारले होते, आणि दहा तास मासे कापणाऱ्या बाईला ते कुणी कळवलं नव्हतं. काचेवर हात ठेवून ती जरा वेळ उभी राहिली. घरी येऊन केलच्या पाल्याच्या सूपखाली जाळ लावताना मुलीला म्हणाली, “असू दे. वरून तर नवेच दिसतात.”

दिसत होतो खरा. पण माझ्या कवचाला आतल्या कडेने तडा गेला होता. मला ते कळत होतं. सांगणार कसं?

आणखी एक वर्ष असंच गेलं. मग कारखान्याच्या ऑफिसाला एकदम कामगारांच्या पायांची माया आली. ‘पायांचा सप्ताह’ झाला, केक कापला, आणि दीडशे माणसांना दीडशे मऊ फेसाचे सोल वाटले. माणसं वेगळी, पाय वेगळे, सोल मात्र एकाच साच्याचे. सोबत एक कागद होता: बुटात कारखान्याचेच सोल वापरीन. सगळ्यांनी सही केली. इदालिनानेही केली.

दोन दिवसांत तिचे घोटे सुजले. ती मुकादम नॉर्मन गोडेटला म्हणाली, “नॉर्मन, हे मला चालत नाहीत. माझा पाय सपाट आहे.”

“इथे सगळं सपाटच आहे, इदालिना. फरशी सपाट, मासा सपाट, माझा पगारही सपाट.”

आजूबाजूचे हसले. ती नाही हसली. “मला माझे जुने घालू दे. नाहीतर डॉक्टरकडे जायला अर्धा दिवस दे.”

“अर्धा दिवस? माल बर्फावर पडलाय आणि बाईला अर्धा दिवस हवाय!” त्याने घड्याळ बघितलं. “दोन्ही घाल. खाली आमचा, वर तुझा. ऑफिस खूश, तूही खूश. आता सुरी चालव.”

झुल्मिरा हातभर अंतरावर होती. तिने ते ऐकलं आणि ती म्हणालीसुद्धा, “घाल बाई, उंच तरी दिसशील!”

असा मी त्या मऊ सोलवर चढलो. चिखलावर शिडी उभी करावी तसं ते होतं. प्रत्येक पावलाला मी आत झुकायचो आणि तिची टाच माझ्याबरोबर झुकायची. तडा लांबत गेला. घोट्याच्या आतल्या बाजूने एक दोरी जाते, ती पायाची कमान वर ओढून धरते. ती दोरी आठवडेच्या आठवडे माझ्या चुकीचा भार वाहत होती. माझ्या चुकीचा म्हणतो, कारण दुसरं कुणी आपली म्हणायला पुढे आलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी माशांचा टब उचलून वळताना ती दोरी तुटली. आवाज झाला नाही. इदालिना फरशीवर बसली, आणि टबातले मासे तिच्या मांडीवरून घसरत गेले. तिने सुरी आधी जपून बाजूला ठेवली, कुणाला लागू नये म्हणून.

बूट कापून पाय बाहेर काढावा लागला. तिला गाडीतून नेलं, आणि बूट नॉर्मनच्या हातात राहिला. त्याने मला काढलं. माझ्या खालचा मऊ सोलही काढला. मला त्याने टेबलावर ठेवलं, त्याला आतडी टाकायच्या पिंपात टाकलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं असं म्हणालो असतो. पण मला डोळे नाहीत, तोंड नाही, आणि साक्षीला कुणी बोलावणारंही नाही.

भरपाईच्या सुनावणीला मी प्लास्टिकच्या पिशवीत होतो, वर नंबर चिकटवलेला. कारखान्याचा वकील फार सभ्य होता.

“ही वस्तू कारखान्याने दिलेली आहे का, बाई?”

“नाही.”

“या कागदावर सही कुणाची?”

“माझी. पण मी दोन्ही घातले होते. नॉर्मननेच तसं सांगितलं.”

“बुटात फक्त हीच वस्तू सापडली,” वकील म्हणाला. नॉर्मन म्हणाला, “मी असं कशाला सांगेन?”

इदालिना शांत होती. तिच्याकडे झुल्मिरा होती ना! झुल्मिराला पुढे बोलावलं. ती चर्चला घालायचा कोट घालून आली होती. हात मांडीवर ठेवून, हातांकडेच बघत ती म्हणाली, “मशीनचा आवाज फार असतो. मी काही ऐकलं नाही.”

इदालिनाने तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. ज्याने तिला उभं केलं, तोच आता टेबलावर तिच्याविरुद्धचा पुरावा होऊन पडला होता.

बाहेर जिन्यापाशी झुल्मिराने तिला गाठलं. “अगं, माझी दोन्ही पोरं तिथेच कामाला आहेत. तुला कळतंय ना?”

“कळतंय,” कुबड्या सावरत इदालिना म्हणाली. “म्हणून तर काही बोलत नाहीये.”

दावा गेला. काही दिवसांनी ऑफिसने तिला बोलावून बसून करायचं काम देऊ केलं, खोक्यांवर लेबलं चिकटवायचं. त्याबदल्यात एक कागद होता: यापुढे काहीही मागणार नाही. तिने सही केली. दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात पायाचा पट्टा बनवून घ्यायला गेली. तिथे थिया नावाची बाई होती. मापं घेण्याआधी ती म्हणाली, “जुने सोल आहेत का? आधी ते बघते.”

इदालिनाने सुनावणीतून परत मिळालेली ती पिशवी दिली. थियाने मला उलटं केलं, उजेडात धरलं, खालून बोट फिरवलं. मित्रांनो, उभ्या जन्मात मला कुणी असं वाचलं नव्हतं.

“हा फार पूर्वीच बदलायला हवा होता. इथे तडा आहे. आणि खाली हे काय? बुटाचा तळ कडक असतो, तो असा घासत नाही. याच्याखाली काहीतरी मऊ होतं, पिवळा फेस अजून चिकटलाय बघा. हा त्याच्यावर डुलत होता. दोन्ही एकत्र घालायला कुणी सांगितलं तुम्हाला?”

इदालिनाने त्या पिवळ्या फेसावरून बोट फिरवलं.

“हवं तर लिहून देते मी,” थिया म्हणाली. “यात शंकाच नाही.”

“काल सकाळी, मी सही करण्याआधी, कुठे होतात, बाई?” इदालिना म्हणाली.

थियाला काही कळलं नाही. तिने नवीन जोडासाठी मापं घेतली आणि मला ‘नमुने’ लिहिलेल्या खणात टाकलं. आता नवशिक्यांना दाखवायला मला अधूनमधून बाहेर काढतात. ती मुलं मला हातात फिरवतात आणि म्हणतात, सपाट पायाचा आहे. कुणाच्या, ते कुणी विचारत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. आम्हाला अंगठ्याने दाबून निवडू नका, पाय भिजवून निवडा. दुसऱ्याच्या पायाला जे मानवलं ते आपल्यालाही मानवेल असं धरून चालू नका. आम्ही नवे दिसत असलो तरी वर्षाने उलटून बघा. जो पायाखाली असतो त्याची झीज वरून दिसत नाही. आणि तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कुणी काही वाईट सांगताना ऐकलंत, तर ऐकलं म्हणा. मला तोंड नव्हतं. झुल्मिराला होतं.