वन्संची डोन्ना

माझी नणंद बोनारिया म्हणजे अंजिराच्या झाडाकडे नुसतं बघितलं तरी पाहुण्याच्या अंगावर धावून जाणारी बाई. तिनं उभ्या जन्मात कुणाला फुकट काही दिलं असेल, तर सल्ला. तिनंच एकदा, अगदी मनापासून, भावाला काहीतरी दिलं. मेलं, न देती तर बरं झालं असतं!

माझा नवरा बाकीझिओ वणव्याच्या टेहळणीवर असतो. आमच्या सार्डिनियात उन्हाळा म्हटला की वणवा आलाच, पण गेल्या वर्षी अख्खा डोंगर गेला. आग विझल्यावर हा राखेत गुडघे टेकून कासवं शोधत होता. उचलेल ते कवच पोकळ. बापाच्या मयताला न रडलेला माणूस, ढसाढसा रडला. ओढ्याकाठच्या दगडी गडग्याखाली मात्र मूठभर जिवंत सापडली. तेव्हापासून याचा संसार तिथेच.

"ही जगली तर पिल्लं होतील. डोंगर पुन्हा हलायला लागेल," म्हणायचा.

"घरात बायकोही हलते, तिच्याकडे बघ कधी," मी म्हणायचे.

थंडीभर मातीत झोपलेली कासवं वसंतात उठली ती शेंबडी. नाकातून फुगे, तोंडात पिवळा थर, पाला पुढे केला की मान आत. शहरातून जनावरांची डॉक्टरीण आली.

"हा रोग इथला नाही," ती म्हणाली. "पाळलेलं कासव सोडलंय का कुणी? परक्या जातीचं? ते स्वतः ठणठणीत राहतं आणि यांना मारतं."

"आमच्या गावात? छे! अंगणातलं कासव पोटच्या पोरासारखं असतं. कोण सोडेल?" बाकीझिओ म्हणाला.

त्या रविवारी बोनारिया जेवायला आली आणि घास घेता घेता डोळे पुसायला लागली.

"बाकीझिओ, माझी डोन्नाही मेली असेल का रे?"

"ती कशाला मरेल? तुझी कासवी अंगणात आहे ना?"

"अंगणात कुठली! थंडीच्या तोंडावर गडग्यापाशी ठेवून आले. तुझं रडणं बघवेना मला. बाबांनी ट्युनिसहून बोटीतून आणलेली, दरसाल अंडी घालणारी. म्हटलं, तुझ्या डोंगराला लेकुरवाळी हवी. पिल्लं दिसली की सांगणार होते तुला."

मी तोंड उघडलं, तर बाकीझिओनं टेबलाखाली माझा पाय दाबला. "शोधतो हं, ताई," म्हणाला आणि पाव मोडून तिच्यापुढे ठेवला.

ती गेल्यावर मी भडकलेच. "सांग की तिला! तुझं वाटोळं करून वर रडते!"

"तिनं एकदाच काही दिलंय, मल्लेना. तेही काढून घेऊ?"

गडग्याखालची सगळी गेली. त्यानं चुना टाकून पुरली. ओढ्यापलीकडे तेवढी एक जोडी निरोगी उरली, मध्ये पाणी होतं म्हणून. त्याचा सगळा जीव त्या दोघांत.

आणि जूनमध्ये बोनारियाची हाक आली. "बाकी! मल्लेना! धावा!"

धावलो. अंजिराखाली, आपल्या नेहमीच्या जागी, डोन्ना. चिखलानं माखलेली, पण डोळे चकचकीत, नाक कोरडं. डोंगर उतरून घरी आलेली. बोनारिया तिला पाला भरवत होती, आनंदानं नुसती फुलली होती.

"बघ! सगळी मेली, माझी वाचली! देवानं तुझ्यासाठीच राखली रे. उद्याच त्या पलीकडच्या जोडीजवळ नेऊन सोडते."

"नको, ताई."

"का नको? दिलेलं परत घेणारी वाटले काय मी?"

बाकीझिओ तिच्यासमोर मातीत बसला.

"ताई, डोन्ना आजारी पडत नाही. ती आजार देते. गडग्याखालची तिच्यामुळेच गेली."

डोन्ना पाला ओढत राहिली, आणि हात मागे घ्यायचं बोनारियाला सुचेना. पाला संपला, तरी हात तसाच पुढे.

"मल्लेना," ती शेवटी म्हणाली. इतक्या वर्षांत मला इतक्या हळू कधी हाक मारली नव्हती तिनं. "फाटक लाव गं. नीट लाव."

मी कडी घातली. खाली फट होती, तिथे दगड लावला.