कान कुणाचा?

जोलीन कंगवा, पिना आणि स्प्रे घेऊन व्हर्लिनच्या पशुखाद्याच्या दुकानात पोचली, तेव्हा तिच्या लेकीच्या अंगावरून एकेक गोष्ट उतरवण्याचं काम चालू होतं. आधी जॅकेट गेलं, कारण त्यावर शाळेचं नाव. मग टोपी. मग मोजेसुद्धा, कारण त्यांचा किरमिजी रंग शाळेचा. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या त्या गावात दुसऱ्या रंगाचा कपडा सापडायचा म्हणजे कपाट उपसावं लागे.

ब्रिटा सतरा वर्षांची, कुस्तीत जिल्ह्यात पहिली. व्हर्लिनला तिचा फोटो हायवेवरच्या फलकावर हवा होता. नवा नियम म्हणत होता, शाळकरी खेळाडूने खुशाल जाहिरात करावी आणि पैसे घ्यावेत, कारण नाव तिचं, चेहरा तिचा. पण शाळेचं काही म्हणजे काही दिसता कामा नये. दिसलं, तर फेब्रुवारीतली राज्य स्पर्धा हुकली. त्या स्पर्धेसाठी ब्रिटा तीन वर्षं घाम गाळत होती, म्हणून जोलीनही डोळ्यांत तेल घालून बघत होती.

शेवटी पोरगी साध्या करड्या टी-शर्टात पोत्यांपुढे उभी राहिली. व्हर्लिनने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"ही तर डुकरांचं खाद्य न्यायला आलेली दिसतेय. कुस्ती कुठाय यात?"

मॅट शाळेची, पोशाख शाळेचा, पदकांवरही शाळेचंच नाव. दाखवायचं तरी काय?

जोलीन पुढे झाली आणि सवयीने लेकीचे केस डाव्या कानावर ओढले. गावात तिचं केस कापायचं दुकान होतं. तो कान झाकण्यात तिचा हात बसला होता. सरावात कान वाचवणारी पट्टी घालायचा ब्रिटाला कंटाळा. कान सुजला, परत सुजला, आणि शेवटी पैलवानांचा होतो तसा, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा गोळा होऊन बसला. चर्चमधल्या बायका टक लावून बघत, आणि जोलीनला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"थांब जरा," व्हर्लिन म्हणाला. "तो कान कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे?"

"शाळेचा की हिचा?"

ब्रिटा खो खो हसली. व्हर्लिनने मात्र शाळेच्या क्रीडाप्रमुखांना फोन लावलाच. पलीकडून उत्तर आलं, की असा झाला तो शाळेच्या मॅटवर हे खरं, पण कान मुलीचाच.

"आई, सोड ना केस," म्हणत ब्रिटाने ते मागे घेऊन घट्ट बांधले.

जोलीनने तो कान आजवर नुसता झाकला होता, धड पाहिला नव्हता. आता दारातून आलेल्या उन्हात पाहिला. आपण गिऱ्हाइकांचे केस कापत असताना ही पोर रोज संध्याकाळी कुणाकुणाच्या ढोपराखाली दबून पुन्हा उठत होती. आईला न विचारता, एकटीने. जोलीन थक्क झाली, थोडी घाबरलीसुद्धा. एवढं सगळं झालं कधी, आणि आपल्याला कळलं कसं नाही?

व्हर्लिनने कागद पुढे केला. मुलगी अठराच्या आतली, तेव्हा पालकाची सही हवी. माझ्या मुलीचं नाव आणि चेहरा वापरायला मी परवानगी देते, असं त्यात लिहिलं होतं. शाळेच्या, दवाखान्याच्या असल्या किती कागदांवर तिने न वाचता सह्या ठोकल्या होत्या. आज पेन कागदाला टेकेना.

"ब्रिटा," ती हळूच म्हणाली, "मी सही केली तर चालेल का गं तुला?"